सुशीलाची माफी

शनिवार, दिवे लागले तेव्हा

सुशीला आत्ताच गेली. चर्चमध्ये इतकी वर्षं आम्ही एकाच बाकावर बसतो. उद्या प्रभूभोजन, अन् पास्टरनं सांगितलं होतं, मनात कोणाबद्दल काही असेल तर आधी जाऊन माफी मागा. मले वाटलं, ही चहाले आली.

बसली अन् म्हणाली, "दीदी, मले माफ करा. तुम्ही पडावं म्हणून मी प्रार्थना करत होती."

"काहून?"

"दर रविवारी उभं राहून तुम्ही आभार मानता, पोरगा-सून जवळ आहेत म्हणून. माझा पोट्टा फोनही करत नाही. ऐकवत नव्हतं."

अन् मी खरंच पडली ना मागच्या वर्षी, आंगणात. कंबर मोडली. तेव्हा हीच रोज मुनग्याच्या शेंगांचा रस्सा आणायची. मी साऱ्या मोहल्ल्यात सांगितलं, बहीण असावी तर अशी. म्हणजे तो रस्सा देवाच्या भीतीचा होता? चव तर चांगली होती.

माफ केलं म्हटलं मी. नुसतं तोंडानं. ती रडली, चहा प्याली, हलकी होऊन गेली. धोंडा माझ्या छातीवर. असं खोटं बोलून उद्या प्रभूभोजनाच्या प्याल्याले हात कसा लावू? पण रोज रस्सा आणणं... भीतीनं कोणी इतके दिवस आणते का?

नातीनं फोन लावून दिला. म्हटलं, "सुशीले, माफ केलं ते खोटं होतं. राग आहे अजून. गेला की सांगीन. उद्या माझ्याच बाजूला बस. फक्त माझ्यासाठी प्रार्थना करू नको. तुझं देव ऐकते."