ठोका कुठून येतो?

सोमवार, ४

चालला! दिवसभर चालला, एकदाही ठोका चुकला नाही — आणि म्हणूनच माझा विश्वास बसत नाहीये.

ऐकू कमी येणाऱ्या मुलांच्या कानातला हा रिसीव्हर. वर्गात बाईंच्या कॉलरला माइक, मुलाच्या कानात हा. आत क्रिस्टलचा एक बारीक तुकडा असतो. तो ताल धरतो, त्या तालावर आवाज जुळतो. रिसीव्हर आपटला की पहिला तोच फुटतो. आमच्या डिझायनरने तो काढूनच टाकलाय! त्याला सगळे मौनी म्हणतात, कारण मीटिंगमध्ये तो फक्त मान हलवतो. त्याची चिप म्हणे येणाऱ्या सिग्नलवरूनच ताल उचलते. आतला ठोका तसा उनाड — गरम झाला की पळतो, गार झाला की रेंगाळतो. सिग्नल त्याला कान धरून जागेवर आणतो.

छान. पण इतकं सरळ काही चालत नाही. तपासणी माझ्याकडे आहे. मी अजून होकार दिलेला नाही.

मंगळवार, ५

मौनी त्या चिपचा बोर्ड माझ्याच टेबलावर का मांडतो? त्याचं टेबल रिकामं पडलंय.

गुरुवार, ७

तो जेवायला गेल्यावर बोर्डावरचं पत्र्याचं झाकण उघडलं. भिंगाखाली इंच न् इंच पाहिला. क्रिस्टल नाही. मान वर केली तर मौनी दारात!

"सापडलं काही?"

"नाही."

"बघा अजून," म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला. रागावला नाही, चिडला नाही. चोरी पकडायला आलेल्याला कुणी 'बघा अजून' म्हणतं का? पाणी मुरतंय.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तू चहासुद्धा वास घेतल्याशिवाय पीत नाहीस." घेते. मग?

शनिवार, ९

नणंदेचा फोन. तिच्या चिमीचा रिसीव्हर घसरगुंडीवरून पडला, बंद. या वर्षातला तिसरा. पोरगी वर्गात नुसती बाईंच्या तोंडाकडे बघत बसते म्हणे. "वहिनी, तुमच्याकडचा तो न फुटणारा कधी येणार गं? शाळेत तर सांगितलंय, पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात? कुणी सांगितलं? साहेबांशिवाय कोण सांगणार! तपासणी व्हायची आहे आणि हे तारखा वाटत सुटलेत.

सोमवार, ११

सापडलं!!

बोर्डाला बॅटरी जोडली, माइक कॉलरला लावला, रिसीव्हर कानात घातला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. तोंडाला आलं ते बोलत सुटले — भाजीची यादी, चिमीची गाणी. स्वच्छ! मग दम घ्यायला थांबले. पुन्हा तोंड उघडलं तर पहिले दोन शब्द नुसती खरखर. पुन्हा थांबले, पुन्हा खरखर. बोलत राहिलं की ताल सापडतो, गप्प झालं की सुटतो. आणि बाई वर्गात प्रश्न विचारून थांबतातच ना? थांबल्यानंतरचा शब्दच तर पोरांना हवा असतो.

टेबलाशी आले, बॅटरी काढून बोर्ड पुन्हा विजेच्या पट्टीला जोडला — कितीही थांबा, एकदम स्वच्छ. शेजारचा माझा ठोके मोजायचा फ्रिक्वेन्सी मीटर बंद केला — खरखर. चालू केला — स्वच्छ.

माझा मीटर! त्यात झकास क्रिस्टल आहे. दोघांचा वीजपुरवठा एकाच पट्टीवरून. माझ्या मीटरचा ठोका तारेतून झिरपतोय आणि याचा बोर्ड गप्प वेळात तोच उसना घेतोय. म्हणून माझं टेबल! मला बनवतोय हा.

मंगळवार, १२

सकाळी सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "माझ्या मीटरच्या जिवावर चालवतोस?"

त्याने पेन खाली ठेवलं. "सापडलं तर. मला वाटलं, आठवड्यात सापडेल. जरा उशीर झाला."

मी खुर्ची ओढून समोर बसले.

"साहेबांना दोनदा सांगितलं, मॅडम. म्हणाले, चालतंय ना, मग गप बस. माझं कोण ऐकतं? तुम्ही कुणाचंच ऐकत नाही, म्हणून तुमच्या टेबलावर ठेवला."

इतकं लांबलचक बोलताना त्याला मी प्रथमच ऐकलं. खरं असेल? की पकडला गेल्यावर रचलंय? माणूस हुशार आहे. रचूही शकतो.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये डोकावले. मीटरचं नाव काढलं नाही. नुसतं विचारलं, "मौनी बोर्डाबद्दल काही बोलला होता का?"

"तो? बोलेल?" साहेब हसले. "का हो, काही गडबड?"

"छे, सहजच."

दोघांपैकी एक खोटं बोलतोय. हसणारा की न हसणारा?

गुरुवार, १४

रिसीव्हर बघायला उद्या चिमीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका येणार. पसंत पडला तर लगेच पन्नास मुलांच्या कानात.

साहेब स्वतः माझं टेबल पुसून घेत होते. "इथेच दाखवू. उजेड चांगला आहे." मौनी भिंतीला टेकून बघत होता. मी म्हटलं, बाहेर अंगणात दाखवू या की, मोकळं आहे.

"नको नको, इथेच." जाता जाता वळले. "आणि हो, तुमचा तो मीटर चालूच राहू द्या हं. बंद नका करू."

मीटर!

मी 'बरं' म्हटलं. मौनीकडे बघायची हिंमत झाली नाही. दहा दिवस ज्याच्यावर डोळा ठेवला, तो खरा निघाला. आता उद्या काय? साहेबांना दुखवायचं म्हणजे नोकरी पणाला. आणि गप्प राहिले तर नणंद आनंदाने चिमीच्या कानात तो घालेल — वहिनीच्या हाताखालून गेलाय, म्हणून डोळे झाकून.

शुक्रवार, १५

मीटर बंद केला. मुख्याध्यापिकांच्या कानात रिसीव्हर असतानाच, सगळ्यांदेखत. माइकवर थांबून पुन्हा बोलले, तशी खरखर ऐकून त्यांनी कान चाचपला, साहेबांकडे बघितलं. बोलला तो मौनी — "माइकने गप्प वेळातही ठोका पाठवत राहायला हवं. दोन महिने द्या, करतो."

"तीन घ्या," त्या म्हणाल्या. "आणि तपासणी याच बाईंकडे."