दोन हँडलांचा पंप

प्रिय पाना,

तुझे मेसेज पोचले. उत्तर लिहायला घेतलं की दोन शब्दांवर गाडी अडते, म्हणून सरळ कागद घेतला. काल आपल्या प्रोजेक्टच्या सरांचाही फोन आला होता. त्याचं शेवटी लिहिते, आधी इकडची खबरबात ऐक.

नव्या विद्यापीठाने माझे अर्धेच विषय मान्य केले, म्हणजे पदवी वर्षभर लांबली. शेवटच्या वर्षाच्या तोंडावर कॉलेज बदलणारी इथे मी एकटीच, त्यामुळे ऑफिसातले कारकूनही मला न्याहाळून घेतात. पहिल्या वर्षाचं वर्कशॉप पुन्हा करतेय. तोच लोखंडी ठोकळा, तोच काटकोन, हातात तीच कानस. तुझ्या खिशात कायम पाना म्हणून तू पाना, आणि माझी जीभ खरखरीत म्हणून मी कानस. आता काम पण तेच. सोबतची पोरं आधी मॅडम म्हणायची, मग ताई. परवा एकाने आजी म्हटलं. त्याचा ठोकळा तपासला, चांगलाच वाकडा निघाला, तेव्हा कुठे जीव थंड झाला.

बाबांची उजवी बाजू अजून हलत नाही. सकाळी त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायला दोघी लागतो, आई खांद्यांकडून आणि मी गुडघ्यांकडून. मी यायच्या आधी आई हे एकटीच करायची आणि फोनवर सगळं ठीक आहे म्हणायची. एकदा दोघंही खाली पडली, शेजारीण येईपर्यंत तशीच जमिनीवर बसून होती. ते कळलं आणि मी बदलीचा अर्ज केला. वर्षाचाच तर प्रश्न आहे, माणूस ठेवा, असं तू म्हणाला होतास. अरे, ठेवला होता, पण बाबांपुढे टिकला नाही. आता मला म्हणतात, इंजिनियर, जॅक लाव. शब्द अडखळतात, टोमणा मात्र अचूक लागतो.

तर सर सांगत होते, गेल्या वर्षी आपण मिळून केलेल्या हातपंपाच्या अहवालावर तू अजून दोघांची नावं ठेवली आहेस. मी आता तिथली विद्यार्थिनी नाही, तो अहवाल कुणी घेणार नाही. शुक्रवार हुकला तर तुझं वर्ष जाईल आणि हातात आलेली नोकरीही. तू त्यांना म्हणालास म्हणे, "पंप दोघांनी केलाय, एकाच्या नावावर देणार नाही." खोटं कशाला बोलू, ऐकून दिवसभर बरं वाटत होतं. मग तुझा रागही आला. माझं एक वर्ष गेलं ते कारणी तरी लागलं, तुझं गेलं तर कुणाच्या पदरात काय पडणार आहे?

माझं नाव खोड, पान्या. हे सांगायलाच पत्र लिहिलंय. मी परत येईन म्हणून ते ठेवलं असशील, तर मी येणार नाही. तुझी रोज आठवण येते, तरीही नाही. तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारेलच, एका माणसाने चालणाऱ्या हातपंपाला समोरासमोर दोन हँडलं कशाला? तेव्हा आकडेमोड सांगत बसू नकोस. करताना आम्ही दोघं होतो, एवढं म्हण आणि पुढच्या प्रश्नाकडे वळ.

तुझीच,
कानस