टेबलाखालचं बटन

अण्णा, तुम्ही घरात जो फोन बसवून ठेवलात ना, त्यानं माझा जीव खाल्लाय. कंपनीच्या भंगारातून दोन जुनी डबडी उचलून आणलीत, एक आईच्या ओट्यापाशी, एक वर तुमच्या खोलीत, मधे प्लायची पेटी, आणि अख्ख्या चिकलठाण्याला सांगत सुटलात की आमच्या घरी एक्स्चेंज आहे. गेल्या महिन्यात आई ओट्यापाशी पाय घसरून पडली. हाताशीच तुमचा फोन, पण तुम्ही गेल्यापासून बंद. ती हाका मारत राहिली आणि मी वर पंख्याखाली बसलेली, मला एकही ऐकू आली नाही. पाणी प्यायला खाली आले तेव्हा दिसली. दुसऱ्या दिवशी तिला मोबाईल आणून दिला, तो तिनं पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला. म्हणाली, "ह्यांचा फोन हाय की. तो नीट कर, म्हंजी मी वाजवीन."

नीट कर म्हणे. माणूस एक वायर लाल वापरतो, एक काळी. तुमच्या सगळ्या लाल. कुठली कुठं जाते ते डोक्यात ठेवलंत आणि डोकं घेऊन निघून गेलात. ट्रान्सफॉर्मर बदलला, पेटीतले पॉइंट घासले, तेव्हा कुठं वरची घंटी वाजली. उचलला तर माझं आईला ऐकू जातंय, तिचं मला नाही. दोन्ही हँडसेट अदलाबदल करून पाहिले, दोन्ही धडधाकट. शहागंजातला दुरुस्तीवाला म्हणतो, "मॅडम, ये अब कौन बनाता? फेंक दो." शेवटी तुमच्या टेबलाखाली पोटावर सरपटत एकेक वायर तपासत गेले. बसल्या माणसाच्या गुडघ्याजवळ एक बटन सापडलं. ऐकायच्या वायरीत. बंद केलेलं. मी तिथंच फरशीवर पडून राहिले. तुम्ही मानेत फोन धरून रेडिओला कथलाचा डाग देत बसलाय आणि मधून मधून म्हणताय, "हं, बरोबर आहे तुझं," हे मी किती वेळा पाहिलंय. खाली आई तळमळून काही सांगतेय आणि वर तुम्ही बटन बंद करून बसलेले. असा संताप आला तुमचा, समोर असता तर कडाकडा भांडले असते.

तशीच खाली गेले आणि आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक व्हतं. एकदा मी म्हणलं, घर पेटलंय. तर म्हणले, बरोबर आहे तुझं." मी म्हटलं, मग बोलायचीस कशाला त्या डबड्यात? "म्हणून तर बोलायचे. तोंडावर बोललं की भांडण. ह्याच्यात समदं बोलून मोकळी व्हायचे. कुणी ऐकत नाय, पण हं म्हणतंय, लई बरं वाटायचं."

तुम्ही दोघं एका माळेचे मणी. फोन सुरू झाला, पण ती वाजवायची, चहा झाला म्हणायची आणि ठेवायची. "तू ऐकतीस," म्हणे. म्हणून आमचं ठरलंय: कामाचं ती आधी सांगते, मग म्हणते, "आता बंद कर." मी बटन बंद करते आणि अधूनमधून हुंकार देत बसते. परवा ती बंद कर म्हणाली आणि मी केलं नाही. थोडा वेळ माझ्या चिडचिडीबद्दल झालं. मग आवाज खाली आला. ती माझ्याशी बोलतच नव्हती, अण्णा. "पडले तवा लई हाका मारल्या. कुणी येईना. वाटलं, आता येते तुमच्याकडंच. पोरीला सांगू नका, उगं मनाला लावून घेईल."

बटन चालू होतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. तुम्हाला पाठवायची काही सोय नाही, म्हणून तर लिहिलं.