फ्लास्कमध्ये फेस नाही

मंगळवार संध्याकाळ, धाराशिव

आजही फेस आला नाही. सकाळी फ्लास्क हलवून हलवून मनगट दुखायला लागलं, पण आत नुसतं गढूळ पाणी.

उमरग्याच्या गॅरेजमधल्या तेलकट मातीत हा जिवाणू मला सापडला, तेव्हा कसा फसफसून फेस यायचा! त्याच्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. ते साखर आणि चरबी जोडून नैसर्गिक साबण तयार करतं. माझी सगळी पीएच.डी. त्या विकरावर उभी आहे. आणि मी काय केलं? जिवाणू मरू नये म्हणून दर आठवड्याला त्याला पोटभर खाऊ घातलं. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "अगं, उपाशी राहिला तरच तो साबण करतो. तू लाडावून ठेवलंस, आता विसरला तो." पण माया करायची म्हणजे खायलाच घालायचं, आमच्या घरात दुसरं कुणाला काय येतं?

म्हणून दुपारी एसटीनं उमरग्याला गेले. तीच माती पुन्हा आणायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुसरं करणार तरी काय?

गॅरेजवाले मामा दारातच हसले. "ये पोरी! मागं चिखलात बसून माती खरवडत होतीस, लई वाईट वाटलं बघ. तू परत येशील म्हणून समदीकडं फरशी टाकून घेतली."

"आणि माती?"

"ती नेली की ट्रॅक्टरवाल्यानं. कुठं टाकली, काय म्हाईत."

मी "छान झालं मामा" म्हणाले. मग मला बसायला जागा स्वच्छ हवी म्हणून त्यांनी कोऱ्या फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि खराट्यानं घासलं.

फेस आला. पांढराशुभ्र, पार माझ्या चपलांपर्यंत.