रंगाखालची फळी

बाबा,

सोमवारी मला माझं मत लिहून द्यायचं आहे आणि कालपासून मी मालवणच्या घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. मुंबईत सुचेना म्हणून इथे आले, तर इथेही तेच. अंगणात जाते, परत येते, चहा ठेवते आणि विसरते. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. माझं काम काय ते तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. कुणी नवी अणुभट्टी बांधायची म्हटलं की तिची रचना आम्ही तपासतो, आणि आमची खात्री पटल्याशिवाय बांधायचा परवाना मिळत नाही. तुम्ही किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या होड्या तपासायचात, मी भट्ट्या तपासते. एवढं ऐकून तुम्ही हसला असतात.

आता आली आहे ती नव्या धाटणीची लहान भट्टी, आपल्यासारख्याच किनाऱ्यावर बसणारी. वीज गेली, जवळ माणूस नसला, तरी वरच्या टाकीतलं पाणी आपल्याच वजनाने खाली उतरून तिला थंड करतं. पंप नको की बटण नको. मला ती आवडली आहे, खोटं कशाला बोलू. अडलंय एका झडपेपाशी. ते पाणी सोडणारी झडप वर्षानुवर्षं बंद राहणार आणि नेमकी गरज पडेल त्या दिवशी आपोआप उघडायला हवी. दाखवलेल्या सगळ्या चाचण्यांत ती उघडली, पण त्या झडपा कोऱ्या करकरीत होत्या. आपल्या खिडकीच्या गजांचं खाऱ्या हवेने काय झालंय ते मी आत्ता समोर बघते आहे. जुनी झालेली झडप घेऊन चाचणी करा, एवढंच माझं म्हणणं. कंपनीवाले म्हणतात, अशा झडपा दुसरीकडे कधीपासून बसवलेल्या आहेत, आजवर काही झालेलं नाही. आमचे साहेब भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, परवाना देऊन टाकू, चाचणी नंतर करायची अट घालू, एका झडपेपायी सगळं कशाला अडवायचं. एकदा भिंती उभ्या राहिल्या की ती झडप बदलायची म्हणजे भिंत फोडायची, आणि ती कोणी फोडत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

'काही झालेलं नाही' हे शब्द ऐकले आणि मला काकांची होडी आठवली. पावसाळा सरलेला, पर्यटक यायला लागलेले, आणि तुमचे सख्खे चुलतभाऊ होडीला ताजा निळा रंग लावून तुमच्यासमोर उभे आहेत. तपासणीच्या आधी रंग लावायची आपल्याकडे रीतच. नवरी दाखवावी तशी होडी दाखवायची. तुम्ही वाकून तळाच्या एका फळीवर बोटं वाजवता, पुन्हा वाजवता. "हयसरचो रंग खरवडून दाखय, मगे बघूया," तुम्ही म्हणता. काकांचा चेहरा पडतो. "माझ्यार इश्वास नाय तुझो?" तुम्ही खालीच बघत म्हणता, "तुझ्यार आसा. फळयेर नाय."

काकांनी रंग खरवडला नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साहेबांनी होडी पास केली. काकू बाजारात आईला बघून तोंड फिरवायला लागली, पुढच्या चतुर्थीला त्यांच्याकडचं कोणी आलं नाही, आणि आई तुमच्यावर धुसफुसत राहिली. होडी मात्र झकास चालली. मी एकदा वैतागून म्हटलं, काय एक झाला नाय ना, मग कशाला भांडलात? तुम्ही जेवत होता. हात थांबला. "काय झाला नाय, ह्या बराच झाला. पण तेवढ्यान फळी बरी ठरणा नाय गो." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पण रोज संध्याकाळी तुम्ही मला घेऊन जेटीवर जायचात आणि काकांची शेवटची फेरी लागेपर्यंत हलायचा नाहीत. एकदा काका होडीतूनच म्हणाले, "आमी बुडूची वाट बघतंस मरे?" लोक हसले. तुम्ही त्यांनी फेकलेला दोर धरलात आणि माणसांना हात देऊन उतरवून घेतलंत. ती होडी शेवटपर्यंत बुडाली नाही. काकांनी म्हातारपणी विकली, ती फोडली गेली, आणि ती फळी कशी होती ते कुणालाच कळलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा गावाच्या लेखी तुम्ही भावाच्या पोटावर पाय देणारे होतात. मला अजून त्याचा राग येतो.

माझं मत मला माहीत आहे, चाचणी आधी आणि परवाना मग. तसंच लिहीन. कदाचित माझं मत बाजूला ठेवून परवाना देतील, भट्टी सुरळीत चालेल आणि लोक म्हणतील बाई उगाच आडवी येत होती. ते मी सोसेन. धास्ती आहे ती माझीच. हे पत्र टपालात टाकायचं नाही म्हणून लिहिते. काकांची होडी धक्क्याला लागली की तुम्ही मोठा श्वास सोडायचात. तुमचा हात धरून उभी असलेली मी मात्र, आजही तुम्ही खरे ठरला नाहीत म्हणून, दर वेळी थोडी हिरमुसायचे.