हॉलमधला सुरण

सांगली
२० मार्च २०२३

ती. स्व. दादांस,
अंबूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तोफखान्यानं तुमचे कान नेले, त्यामुळे फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ह्या वयात मला ओरडवत नाही. एका परीनं बरंच झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये पोस्टमन ज्याला नावानं ओळखतो असं दार आमचंच.

इकडे सगळं ठीक. जयराजची बदली राजस्थानकडं झाली. तिथं उन्हाळा लय कडक, पण जवानाला काय, म्हणतो. रेश्मा बालवाडीत शिकवायला जाते. सून म्हणून आली तेव्हा मला वाटलं होतं, मलकापूरची पोर, तोंडाळ असेल. तशी नाही.

माझा ताप उतरून महिना होत आला. अंगात ताकद आली, फक्त नाक अजून गप्प आहे. कसलाच वास येत नाही. डॉक्टरांनी लवंग, लिंबू, निलगिरी असलं काहीबाही सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितलंय. हुंगते आणि ठेवून देते. रिकामा पेला हुंगल्यासारखं वाटतं.

यंदा कांदा-लसणाची चटणी करणार नाही. गुडघे कुरकुरतात, मिरची कांडायला डंकावर उभं राहवत नाही. इतकी वर्षं गल्लीला पुरवली, आता पुरे. तुम्ही काळजी करू नका.

वहिनींना नमस्कार. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची
अंबू

सांगली
२७ मार्च २०२३

ती. स्व. मामांस,
रेश्माचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आईंना न सांगता लिहितेय, रागावू नका. त्यांनी गुडघ्यांचं कारण लिहिलं असेल. गुडघे ठणठणीत आहेत. दोन मजले चढून येतात आणि वर मलाच विचारतात की धाप कशाला लागली.

झालं असं. दोन आठवड्यांपूर्वी मी शाळेतून येत होते, तर जिन्यातच गॅसचा वास आला. पळत वर आले. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. आई शेजारीच पाटावर बसून मिरच्यांची देठं खुडत होत्या. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. काही झालं नाही, देवाची कृपा. मला खिडक्या उघडताना बघूनच त्यांना कळलं. तेव्हापासून मी घरात नसले की त्या चहासुद्धा करत नाहीत.

चटणीसाठी आणलेल्या मिरच्यांचं पोतं कोपऱ्यात आहे. संध्याकाळी त्या मूठभर मिरच्या घेतात, नाकाशी नेतात आणि परत टाकतात. जेवण तर नावालाच. म्हणतात, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. ज्यांच्या नाकावर सगळ्या गल्लीच्या चटण्या भाजल्या गेल्या, त्यांना असं बघवत नाही. मामा, त्या तुमचंच ऐकतात. काहीतरी करा.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी
रेश्मा

वाडी, ता. पाटण, जि. सातारा
१४ एप्रिल २०२३

चि. अंबूस,
नाथाजीचे आन् तुझ्या वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

आपल्या वाडीचा अर्जुना हळदीच्या सौद्याला सांगलीला येतोय. त्याच्यासंगं एक पोतं धाडलंय. उघडशील तवा दचकू नकोस. सुरणाचा गड्डा हाय, घमेल्याएवढा. आधीच सांगून ठेवतो, चिरून भाजी करायची न्हाई!

सुरणाची भाजी आपण समद्यांनी खाल्ली, पर फूल कुणी बघितलंय? गड्डा चांगला मोठा झाल्याबिगर फूल येत न्हाई, आन् तेवढा होईस्तवर लोक त्याला शिजवून मोकळं व्हत्यात. ह्यो मी बांधाकडंला मुद्दाम राखला. मागल्या जेठात फुलला. असा घाण वास, अंबे, की तुझी वहिनी दोन दिवस माहेरी जाऊन राह्यली. मीबी तोंडाला टॉवेल बांधून लांबनंच बघितलं. तवा मनात आलं, एवढं देखणं फूल, आन् जवळ बसून बघणारं कोण न्हाई. आपल्या खानदानात त्याच्या शेजारी बसू शकंल अशी एकच बाई हाय. तवा तू बघ, आन् कसं दिसतं ते मला नीट सविस्तर लिहून कळव. ह्यो हुकूम समज.

मोठ्या कुंडीत माती आन् शेणखत घाल, त्यात गड्डा पुर. हॉलमधी खिडकीजवळ ठेव. कोंब दिसंपातुर पाण्याचा थेंब घालू नको, कुजंल. हाताला खाज सुटली तर चिंचेचं पाणी लाव.

माझं कान गेलं तवा मी वरीसभर पारावर गेलो न्हाई. वाटायचं, लोक माझ्यावरच हसत्यात. मग एक दिवस गेलो. दोन-चार दिवसांत ध्यानात आलं, हे गडी आधीबी कामाचं काय बोलत नव्हते. तुला हसू आलं असंल तर पत्र कामी आलं.

दोन घास जास्त खा. थोरल्या भावाचा शब्द मोडू नये.
नाथाजी

सांगली
१२ जून २०२३

ती. स्व. दादांस,
अंबूचा नमस्कार, आणि तुमच्या सुरणाचासुद्धा. वि. वि.

हुकूम होता म्हणून सविस्तर लिहिते. मेच्या शेवटी कोंब आला. भाल्याच्या टोकासारखा, तपकिरी-हिरवा, अंगावर पांढरे ठिपके. रोज सकाळी उठून आधी त्याच्याकडं बघायची सवयच लागली. मग शुक्रवारी तिन्हीसांजेला तो उलगडायला लागला. दादा, काय सांगू! खाली जमिनीलगत घागऱ्याचा घेर पसरावा तसा पसरला. कडेला चुण्याच चुण्या. बाहेरून फिकट, आणि आत जांभळाच्या रसात बुडवून काढल्यासारखा रंग. मधोमध एक मोठा सुरकुतलेला गड्डा, काळपट जांभळा, मखमलीसारखा. मी हात लावून बघितला तर चक्क कोमट! ताप चढलेल्या पोराच्या कपाळासारखा. झाडाचं अंग तापलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी शेजारी पाट टाकून बसले. मला वाटलं, अत्तरासारखं मंद काहीतरी असेल, आपल्याला कळत नाही एवढंच. तोवर खाली बोंब उठली. ड्रेनेजची लाईन फुटली म्हणून लोकांनी प्लंबर आणला, त्यानं चेंबरची झाकणं उघडली, आत काही नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या शरयूताई जिन्यानं वास काढत काढत वर आल्या. त्या किती शिस्तीच्या ते तुम्हाला माहीत आहे, आमच्या जिन्यात चप्पल वाकडी पडली तरी सरळ करतात. नाकाला पदर लावून त्यांनी विचारलं, की अंबूबाई, तुमच्याकडं काही मेलंय का? मी म्हटलं, मेलं नाही, फुललंय.

फेकून द्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं. मी म्हटलं, दोन दिवसांचा पाहुणा आहे, दोन दिवस कळ काढा. कुरकुरत गेले, पण दुसऱ्या दिवशी एकेक जण येऊन दारातनं डोकावत होता. आत यायची कुणाची छाती होईना. मग शरयूताईंनी उंबऱ्याबाहेरून विचारायचं आणि मी आतून सांगायचं, असं सुरू झालं. आत वाकून बघितलं तर तळाशी जांभळे दाणे, त्यावर पिवळा पट्टा, आणि माश्या, किडे ह्यांची नुसती जत्रा. त्यांना बिचाऱ्यांना मेजवानी वाटली असणार. शरयूताई शेवटी म्हणाल्या, की साठ वर्षं सुरण खाल्ला आणि त्याच्या पोटात हे आहे हे माहीत नव्हतं.

रेश्मा मलकापूरला जाते म्हणाली होती. पण गेली नाही, गच्चीत जेवली. तिथून ओरडून मला जेवलात का विचारत होती. मी जेवले होते, दोन भाकरी.

तिसऱ्या दिवशी फूल मान टाकून आडवं झालं. मला वाईट वाटलं. एवढा थाट आणि एवढंसं आयुष्य.

तुम्ही मला हे दाखवलंत, असंच आणखी काही काही दाखवत राहा.
तुमची
अंबू

वाडी, ता. पाटण
३ जुलै २०२३

चि. अंबूस,
नाथाजीचे आशीर्वाद, ह्या खेपेला जरा ताठ मानेनं.

तुझं पत्र पारावर मोठ्यांदा वाचून दावलं. बिराप्पा माझ्या कानाशी वरडून म्हणतो, जन्म गेला सुरण लावण्यात, पर फूल तापतं हे आज कळलं. त्याला म्हणालो, माझी बहीण हाय ती.

वाईट वाटून घेऊ नको. आता खालनं पान येईल. एकच, पर छत्रीएवढं. त्याला पाणी घाल. दिवाळीपातुर ते वाळंल, मग गड्डा झोपी जाईल. तवा मेला म्हणून उकरू नकोस.

एक गोष्ट सांगतो, राग मानू नकोस. माझं कान गेल्यापासनं मी तुझ्या वहिनीचं कान वापरतो. बाजारात ती ऐकती, मी बोलतो. आधी लाज वाटायची, आता वाटत न्हाई. तुझ्या घरात एक तरणंताठं नाक हाय. ते गच्चीत जेवायला बसवू नको, कामाला लाव.

आठवणीत असू दे.
नाथाजी

सांगली
१९ एप्रिल २०२४

ती. स्व. दादांस,
अंबूचा मनापासून नमस्कार. वि. वि.

ह्या पत्राबरोबर डबा येतोय, तो आधी उघडा. ह्या वर्षीची चटणी आहे. माझी आणि रेश्माची.

पान तुम्ही म्हणाला तसंच आलं. देठ अजगराच्या कातडीसारखा चितारलेला, वर हिरवी छत्री. हॉलमधला सोफा आम्ही सरकवला, पण त्याला सरकवलं नाही. शरयूताई त्याच्या सावलीत चहा प्यायला यायच्या. दिवाळीनंतर ते पिवळं पडून गळलं, तेव्हा कुंडी नुसती मातीची राहिली.

चटणीचं सांगते. तुमचा सल्ला मला झोंबला होता. नाक कुणी कुणाला उसनं देतं का, असं वाटलं. पण फाल्गुनात बायका परत विचारायला लागल्या, आणि रेश्मानं मला न विचारता मिरच्या उन्हात टाकल्या. मग मी कढईसमोर बसले, ती माझ्या शेजारी. खोबरं भाजताना ती वास सांगायची. आधी नुसतं चांगला येतोय म्हणायची. मी म्हटलं, चांगला म्हणजे काय गं बाई? हळूहळू पोरीला शब्द फुटले. आता कच्चा येतोय, आता बिस्किटासारखा, आता कडेला कडवट शिरायला लागलाय. कडवट म्हणताच मी कढई उतरवायची. पहिला घाणा जळला. दुसरा डंकावर नेला तेव्हा डंकवाला सिद्धू म्हणाला, की मावशी, जुनीच चव आली. रेश्माकडं बघून मी म्हटलं, नवी आहे. दादा, असं नाक मी माझ्या तरुणपणीसुद्धा पाहिलं नाही. खोबरं आणि तीळ एकत्र भाजले तरी ती दोन्ही वेगवेगळे सांगते.

माझं नाक तसंच आहे. पण हल्ली पुठ्ठ्याचासुद्धा घास जातो. वहिनींना चटणी कशी वाटली ते जरूर कळवा, खोटं कौतुक नको.

तुमच्या मायेला कधी उतार न पडो.
अंबू

सांगली
१७ जून २०२४

ती. स्व. दादांस,
अंबूचा नमस्कार. वि. वि. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

परवा आम्ही दोघी आटपाडीहून लग्न उरकून आलो. तीन दिवस घर बंद होतं. कुंडीत कोंब आलेला बघून गेलो होतो, पण बारका होता, आणि लग्नाच्या धांदलीत मी तो विसरूनही गेले. एसटीनं अंग आंबलेलं. मी पुढं जिना चढत होते, रेश्मा बॅगा घेऊन मागं. वरच्या वळणावर आले आणि माझं डोकंच फिरलं. रेश्माला म्हटलं, की जाताना कचरा टाकला नाहीस का? ती पायरीवरच थबकली.

दार उघडलं तर आत नुसता कहर. उंदीर मेलाय म्हणून मी पदर खोचला. लाईट लावायचंही सुचलं नाही. पलंगाखाली वाकून बघितलं, फ्रिज ओढला, पिठाचा डबा सरकवला, मोरीत पाणी ओतलं. तोंडाचा पट्टा चालूच. रेश्मा मात्र ओढणी नाकाला लावून दारातच उभी, बॅगासुद्धा खाली ठेवेना. मला आणखीच राग आला. मी तिला म्हटलं, की नुसती बघत काय उभी राहिलीस, एवढी घाण सुटलीय, तुला वास येत नाही का?

तर पोरगी उंबऱ्यावरच रडायला लागली. मला कळेना, हिला एवढं लागण्यासारखं मी काय बोलले. आणि मग, दादा, मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं.

मी खिडकीकडं वळले. पडद्याआड तुमचा सुरण घेर पसरून बसला होता. गेल्या वर्षीपेक्षा मोठा.

रेश्मानं जयराजला फोन लावला, पण आम्हा दोघींनाही धड बोलता येईना. तो तिकडं घाबरला, सारखं विचारायला लागला की कोण गेलं, खरं सांगा, कोण गेलं. शेवटी रेश्मानं हुंदके देत सांगितलं, की कुणी गेलं नाही, आईंचं नाक आलंय.  तर तो म्हणाला, की आता मी वर साहेबांना काय सांगायचं, मी रजेचा अर्ज लिहायला घेतला होता.

काल डॉक्टरांकडं जाऊन आलो. ते म्हणाले, चांगली खूण आहे, पण घाई करू नका. लवंग हुंगली, लिंबू हुंगलं, त्यांचा अजून काही येत नाही. येईल, किंवा अर्धामुर्धा येईल. सध्या सगळ्या जगातला हा एकच वास माझ्याकडं आहे.

आणि काय घाण आहे हो दादा! गेल्या वर्षी मी काय म्हणून त्याच्याशेजारी पाट टाकून बसले होते, आणि लोकांनी मला काय म्हणून सोसलं! शरयूताईंकडं जाऊन हात जोडले. त्या आधी हसल्या, मग माझे हात धरून म्हणाल्या, की आता दोघी मिळून उंबऱ्याबाहेरून बघू.

रेश्मानं कुंडी गच्चीत न्यायचं काढलं होतं, मी नेऊ दिली नाही. काल तिन्हीसांजेला ती खाली गेल्यावर मी खिडक्या उघडल्या, नाकाला पदर लावला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. रंग तोच, चुण्या त्याच, मधला गड्डा तसाच कोमट.  थोडा वेळ तशीच बसले, आणि मग नाकावरचा पदर काढला.

तुमच्या पायांशी,
अंबू