तुम्ही सांगितलेला उजवा कौल

आई,

आज ‘प्रिय’ लिहायला हात धजला नाही. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. परवापर्यंत तुमची आठवण आली की डोळे भरून यायचे. आता नुसता राग येतो. घरात तो काढू कोणावर? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

परवा सईला बालवाडीतून आणताना देवळापाशी गुरवकाका भेटले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “ह्यां चेडू बघून माका अजून नवल वाटता गो. हेचो कौल दोनदा डावो पडललो. तुझी सासू माझ्या पायांक पडली, खंय बोलां नको म्हणान. तुका ठावक आसतलाच मा?”

मी नुसती मान हलवली. डावा, आई? आणि दोनदा?

साडेचार वर्षांपूर्वी सई आठव्या महिन्यातच कणकवलीला जन्मली, सव्वा किलोची. तिसऱ्या दिवशी तिच्या रक्तात जंतू पसरले आणि तिला रुग्णवाहिकेतून गोव्याला हलवलं. “दोन दिवस निघू देत, मग बघू,” डॉक्टर म्हणाले. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नर्स मला सांगायची, पेटीत हात घाला, तिला स्पर्श कळतो. माझा हात पुढे होत नव्हता. जी राहणारच नाही तिला माया लावून काय करू, असलं मनात यायचं. हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. तुम्हाला, फोनवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. “उजवो पडलो गो बाय! देवीन कौल दिल्यान. चेडू घराक येतला. तू तेका हात लाव.”

देवीच्या अंगाला लावलेली फुलं उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार, हे मला माहेरीही माहीत होतं. पण त्यावर विसंबायला मी तुमच्याकडून शिकले. मी पेटीत हात घातला. सईची पाठ माझ्या तीन बोटांएवढी होती. तिथेच मी तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

आणि तुम्ही? एकोणीस दिवसांत एकदाही गोव्याला आला नाहीत. “बाजार कोण बघतला?” म्हणालात. जन्मभर मासळी विकलीत, चार दिवस पाटी खाली ठेवली असती तर काय बिघडलं असतं? आम्ही घरी आलो, तरी महिनाभर तिला मांडीवर घेतलं नाहीत. मला वाटलं, मुलगी झाली म्हणून. किती रडले होते मी! आता कळतंय, तुम्ही तिला गेलेलीच धरून चालला होतात. मला माया लावायला सांगितलीत आणि स्वतः मात्र लांब राहिलात.

परवा देवळापासून घरी आले तेव्हा तुमचा महेश अंगणात जाळं शिवत बसला होता. त्याला विचारलं, “तुका म्हायत होता?”

“होय. आईन शपथ घातलेली.”

“साडेचार वर्षां?”

तेव्हा त्याने मान वर केली. “खरां सांगला असता तर तू तेका हात लावलं असतंस?”

 त्या प्रश्नाचाच जास्त राग आला. हिला खरं झेपणार नाही, असं तुम्ही मायलेकांनी परस्पर ठरवून टाकलंत. नसतंही झेपलं कदाचित! पण मी रोज देवीचे आभार मानत होते आणि देवी तर नाही म्हणाली होती. आता दिवा लावताना मी तिच्याशी काय बोलू?

पुढे तुम्ही सईवर जीव टाकलात, ते मी विसरले नाही. शेवटच्या आजारात एकदा माझा हात धरून म्हणालात, “बाय, माका एक सांगूचा आसा.” मी वाकले, तर पाणी मागितलंत. तेव्हा तरी सांगायचं होतं!

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी सांगितली नाही. गोव्याला सईच्या शेजारच्या पेटीत पेडण्याच्या वैशालीचा मुलगा होता. ती सारखी रडायची. मीच तिला म्हटलं, “रडू नको, तुझ्या बाळासाठीही सासूबाईंना कौल लावायला सांगते.” दुपारी तुम्ही फोनवर म्हणालात, “तेचोय उजवो.” त्या दिवशी वैशाली पोटभर जेवली. घरी फोन करून बारशाचं बोलली. दोन दिवसांनी तिचा मुलगा गेला. निघताना तिने मला एवढंच विचारलं, “तुझ्या देवीन माका कित्याक फसयल्यान गो?”



काल पुन्हा देवळात जाऊन गुरवकाकांना विचारलं. पेडण्याच्या मुलासाठी कौल लावलाच नव्हता. त्याच्यासाठी तुम्ही देवळात गेलाच नव्हतात, आई. एका आईला काय सांगताय, याचा क्षणभर तरी विचार केलात का?

वैशालीचा नंबर माझ्याकडे अजून आहे. येत्या रविवारी मी पेडण्याला जातेय. महेश म्हणतो, “आता तेका कित्याक रडवतंस?” पण देवीने तिला फसवलं नाही, हे तिला कळायलाच हवं. फसवलं ते आपण. मी तुमचं नाव लपवणार नाही आणि माझंही नाही. ती तोंडावर दार लावेल, शिव्या घालेल. मी उभी राहून सगळं ऐकून घेईन, तुमच्या वाट्याचंसुद्धा. एवढं वचन देते.

सईची आई, आणि अजून तरी तुमची सून,
मेघना